वीस मीटरवरचे दाजी

दाजी, तेरावं होईपर्यंत मी गप्प बसलो. आल्यागेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, उचलल्या, आणि तुमच्याबद्दल लोक जे काही बोलत होते त्याला मान हलवली. गंगापूरहून आलेला तुमच्या भावकीतला एकजण म्हणाला, "काय नेम होता हो भानुदासरावांचा!" त्यालाही हलवली. आता घर जरा रिकामं झालंय आणि मला तुमच्याशी भांडायचंय. तुमच्या फोटोपुढं उभं राहून भांडलो तर ताईला वाटायचं, नवरा गेला आणि आता भावाचंही डोकं गेलं. म्हणून लिहितोय.

तर नेम. तुमचा नेम चांगला होता. वीस मीटरवर. सपाट जमिनीवर, संध्याकाळी वारा पडल्यावर, अंगात तुमचा तो निळा टी-शर्ट, चांगले वीस-पंचवीस बाण मारून हात गरम झालेले, आणि मागं चहाचा कप घेऊन "वा दाजी" म्हणायला दोन-चार माणसं. एवढं सगळं जमून आलं की तुमचा बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात बसायचा. मी ते रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, आता हे सगळं अमेरिकेतल्या हरणाला कोण सांगणार? की बाबा, टी-शर्टवाल्या वेळी ये, वीस मीटरवर थांब, आणि आधीचे पंचवीस बाण माफ कर.

तुम्ही नीलेशकडं अमेरिकेला जाऊन आलात तेव्हापासून हे सुरू झालं. लेकाच्या घरी तीन महिने राहून माणसं चॉकलेटं आणतात, अत्तराच्या बाटल्या आणतात. तुम्ही एक लांबडी काळी पेटी घेऊन आलात. पेटीत ते चाकांचं धनुष्य. बॅगा उघडायच्या आधी तुम्ही मला सांगायला लागलात, की नीलेशच्या शेजारी एक म्हातारा राहतो, तो धनुष्यानं हरणं मारतो, तिकडं तसा परवाना मिळतो, परीक्षा असते, ठरलेला हंगाम असतो, आणि म्हाताऱ्याच्या फ्रीजरात वर्षाचं मटण असतं.

"इथं आपल्या उसात डुकरं नाचत्यात अन् आपण डबे वाजवत बसतो," तुम्ही म्हणालात. "हात लावला तर जेल. आमचे आजोबा बंदूक घेऊन जायचे, तिचा नुसता खिळा राह्यलाय भिंतीला. पुढच्या हंगामाला मी जाणार मास्तर. तू शिकव."

मास्तर. सगळ्या घरात मला फक्त तुम्ही मास्तर म्हणायचात. बाकीच्यांच्या लेखी मी विलास, शाळेत शिट्टी वाजवणारा. हर्सूलच्या पुढं मी पोरांना धनुर्विद्या शिकवतो, तर त्याला आई अजून "मैदानावर जातो" असंच म्हणते, जसं काही मी तिथं गवत उपटायला जातो. तुम्ही मात्र पहिल्या वर्षी येऊन बघून गेलात आणि पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर भरून उसाचं पाचट घेऊन आलात. माझी पोरं तेव्हा खोक्यांवर बाण मारत होती. तुम्ही बाह्या सरसावून ते पाचट दाबून दाबून बांधलंत, भिंतीएवढे भारे उभे केलेत, आणि म्हणालात, "मार आता. बाण आरपार गेला तर मला सांग." नाही गेला. दर वर्षी नवं पाचट यायचं. मी कधी मागितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही. हे लिहिताना माझा आवाज खाली येतोय, म्हणून इथंच थांबतो. मला अजून भांडायचंय.

शिकवायला मी हो म्हणालो. पण तुम्हाला शिकायचं कुठं होतं? तुम्हाला मारायचं होतं. त्या धनुष्याची गोमच अशी, की पूर्ण खेचलं की चाकं निम्म्याहून जास्त भार पेलतात. माझी पोरं साध्या धनुष्यावर वर्ष घालवतात तेव्हा कुठं हात थरथरायचा थांबतो. तुम्ही मात्र पंधरवड्यात पिवळ्यात मारायला लागलात. तिथंच घात झाला. नवशिक्याला लवकर जमलं की त्याच्या कानात काही शिरत नाही.

मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दाजी. शिकार म्हणजे स्पर्धा नव्हे. स्पर्धेत बहात्तर बाण असतात, एक वाईट गेला तर पुढचा सुधारता येतो. तिथं तुम्ही सकाळपासून झाडावर गारठून बसणार, जनावर येईल न येईल, आणि आलंच तर तुमच्या वाट्याला एकच बाण. तोही त्या दिवसाचा पहिला. म्हणून सराव पहिल्या बाणाचा करा. रोज सकाळी या, हात चोळू नका, खांदे फिरवू नका, एक बाण सोडा आणि घरी जा.

"एका बाणासाठी मी गारखेड्याहून हर्सूलला येऊ?" तुम्ही म्हणालात. "पेट्रोल काय तुझी शाळा देती का?"

"बरं, मग कितीही मारा. पण पहिला कुठं लागला तेवढं मला सांगा."

"पहिला मोजायचा नस्तो रे. तो हात मोकळा करायचा."

असं म्हणून तुम्ही तो पहिला बाण कुठंतरी निळ्या वर्तुळाच्याही बाहेर घालवायचात, पुढं होऊन उपटून घ्यायचात, आणि जणू तो सुटलाच नव्हता अशा थाटात दुसरा लावायचात. मी बघायचो. तुम्हाला माहीत होतं मी बघतोय. माझी दहावीतली पोरंसुद्धा एवढी लबाडी करत नाहीत.

मग मे महिन्यात मी तुम्हाला माळ्यावर चढवलं. आठवतं का? गंगापूरला उसाकडेला डुकरं राखायला जो माळा बांधलाय, त्यावर. म्हटलं तिथं झाडावर बसणार आहात, तर इथं निदान एवढ्या उंचीवरून मारा. खाली भुशाचं पोतं ठेवलं. आणि नीलेशनं घेऊन दिलेलं ते जाड जाकीट तुम्हाला घालायला लावलं.

"मे महिन्यात? माणूस मरल की, मास्तर!"

"तिथं हेच घालून मारायचंय."

ताई डबा घेऊन आली होती, ती पदर तोंडाला लावून हसत होती. "अहो, फोटो काढू का? नीलेशला पाठवते." तुम्ही वर घामानं निथळत होता आणि खाली बघून मिशीला पीळ देत होता. मग खेचलंत. खाली मारायचं तर कमरेतून वाकायचं असतं, हे मी चारदा सांगितलं होतं. तुम्ही नुसता हात खाली केलात. दोरी जाकिटाच्या बाहीला घासली, फट्‌ असा आवाज झाला, आणि बाण पोत्यावरून उसात गेला.

"वारा होता," तुम्ही म्हणालात.

उसाचं पान हलत नव्हतं, दाजी.

"अजून एक मारा."

"सोड रे. असल्या सोंगाची काय गरज नाय. तिथं गेल्यावर जमतंय आपोआप." आणि उतरलात. बाण शोधूही दिला नाहीत. म्हणालात, तोडणीची टोळी येईल तेव्हा त्यांना घावंल. त्यानंतर त्या माळ्याकडं तुम्ही फिरकला नाहीत. परत वीस मीटर, परत टी-शर्ट, परत चहा. जे येत होतं तेच तुम्ही रोज करत राहिलात, आणि जे येत नव्हतं त्याला सोंग म्हणालात. परवान्याची ती परीक्षा मात्र पास झालात आणि तिचा कागद छाती पुढं काढून सगळ्यांना दाखवलात. त्या परीक्षेत काय विचारतात ते मी वाचलं. माळा नाही, गारठलेला हात नाही. गाडी चालवायचा परवाना मिळाला म्हणजे घाट उतरता येतो असं थोडंच आहे?

हे सगळं मला दिसत होतं. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि आता तो दिवस लिहायचाय, जो लिहायला मी तेरा दिवस टाळतोय.

अधिक महिना आला. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं, ही रीत. आईनं चार दिवस खपून पुरणाचे धोंडे केले होते. तुम्हाला बसायला पाट, ताटाभोवती रांगोळी, शेजारी वाणाचा चांदीचा दिवा. तुम्ही सोवळ्यातल्या देवासारखे बसला होता. तुपाची धार सुरू होती आणि अमेरिकेचं बोलणं निघालं.

ताई म्हणाली, "आई, मला तर भीतीच वाटते. परका मुलूख, झाडावर चढून बसणार हे. यांना झेपेल का?"

"विचार ना तुझ्या भावाला!" तुम्ही म्हणालात. "मास्तर, तूच सांग सगळ्यांसमोर. मी तयार हाय का नाय?"

सगळे हात थांबले. ताई माझ्याकडं बघत होती, ती खरंच विचारत होती. आई तुपाची वाटी हातात धरून माझ्याकडं बघत होती, आणि तिची नजर मला पाठ आहे. जावयाच्या ताटावर कडू बोलायचं नसतं. आमच्या घरात तुम्ही स्वतः भाजीत मीठ सांडलंत तरी ओरडा दुसऱ्या कुणाला बसायचा. तुम्ही चुकीचा पत्ता सांगितलात तर आम्ही त्या पत्त्यावर जाऊन परत यायचो. तुम्ही रागावाल म्हणून माझ्या लग्नाची तारीख बदलली होती, तुम्ही रागावला नव्हता तरी.

मी म्हणालो, "तयार आहेत. काही काळजी नको, ताई."

"बघ!" तुम्ही म्हणालात, आणि अजून एक धोंडा घेतलात.

मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो, की त्या पंगतीत माझ्या जागी कुणीही असतं तर तेच म्हणालं असतं. रीतच तशी. पण ते अर्धंच खरं आहे. अर्धं असं, की मी वैतागलो होतो. माझे सगळे रविवार तुमच्या निळ्या टी-शर्टनं खाल्ले होते. तुम्ही जावं आणि एकदाची ही कटकट संपावी असं मला वाटत होतं. आणि अजून एक आहे, दाजी. तुम्ही हरावं असं मला वाटत होतं. बाण झाडात जावा, हरीण निघून जावं, आणि तुम्ही इथं परत येऊन एकदा, आयुष्यात एकदा म्हणावं, "मास्तर, तुझं खरं होतं." तेवढ्यासाठी मी हो म्हणालो. मी एक चुकलेला बाण डोळ्यांपुढं आणला होता. त्या बाणापुढं जिवंत जनावर उभं असणार आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. धनुर्विद्या शिकवणाऱ्या माणसाच्या.

तुमचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होतो. आपली संध्याकाळ, तुमची सकाळ. पोरं ओळीत उभी होती, बाण दोरीला लावलेले. अशा वेळी मी फोन घेत नाही, पण तिकडचा नंबर बघितला आणि घेतला.

"मास्तर, लागला."

मी ओरडलोच. "लागला? अरे वा! अभिनंदन, दाजी!" पोरांना वळून सांगितलं, काकांनी हरीण मारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुम्ही फोनवर ऐकल्या असणार.

"पोटात लागला रे," तुम्ही म्हणालात.

मी चालत चालत पाचटाच्या भाऱ्यांमागं गेलो. तुम्ही सांगत होता. की नीलेशला सुट्टी मिळाली नाही म्हणून तुम्ही आणि तो म्हातारा दोघंच लांब त्याच्या भावाच्या रानात गेला होता. की दिवसभर काही आलं नाही आणि उजेड कमी होताना एक मादी आली. की हात गारठून उचलेना. दोरी बाहीला घासली. आणि मग म्हणालात, "ते पळालं नाय रे. पळंल असं वाटलं होतं मला. चालत गेलं. पाठ वाकवून, पोट दुखणाऱ्या माणसासारखं. हळूहळू."

म्हाताऱ्यानं सांगितलं, आत्ता मागं लागलात तर ते अजून लांब जाईल, सकाळपर्यंत थांबा. मधे पाऊस झाला, रक्त धुवून गेलं. दुसरा अख्खा दिवस दोघं वाकून वाकून फिरलात. सापडलं नाही. म्हातारा तुम्हाला एका शब्दानं बोलला नाही, उलट कॉफी दिली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तुम्ही म्हणालात.

त्यावर मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "होतं असं, दाजी. नवशिक्यांचं होतं. मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही म्हणालात, "कुणाला सांगू नको. हिला तर अजिबात नको." आणि ठेवलात.

'तू तर तयार म्हणाला होतास,' हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी त्याची वाट बघत होतो. तुम्ही आल्यावर विमानतळावर बोलाल असं वाटलं, मग वाटलं घरी बोलाल, मग संक्रांतीला तिळगूळ देताना. कशाला एवढा मोठेपणा, दाजी? वीस मीटरवर बाण दोन बोटं चुकला तर वाऱ्याला, बाणाला, माझ्या पोरांच्या गोंगाटाला दोष देणारा माणूस, आणि या एका गोष्टीत कुणाचंच नाव घेत नाही? मला राग येत होता. अजून येतो.

सगळ्यांना तुम्ही सांगितलंत, हरीण दिसलंच नाय. भावकीतल्यांनी चेष्टा केली, की भानुदासरावांची मिशी बघून अमेरिकेतली हरणं देश सोडून गेली. तुम्ही पण हसलात. मी पण. आपण दोघं एकमेकांकडं न बघता हसलो.

आणि मग तुम्ही सकाळी यायला लागलात.

थंडी होती तोवर ते जाकीट घालून यायचात, उन्हाळा लागला तरी घालूनच यायचात. गाडी लावायची, पेटी उघडायची, खांदे न फिरवता प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर चढायचं, कमरेतून वाकायचं आणि एक बाण. तो कुठं लागला ते जवळ जाऊन बघायचं, बाण उपटायचा आणि घरी जायचं. चहासुद्धा नाही. पोरं तुम्हाला 'एकबाणवाले काका' म्हणायला लागली. मी शिट्टी तोंडात धरून उभा. म्हणजे मी आधी सांगितलं ते सगळं आता. सगळं झाल्यावर! मला तुमच्या हातातून ते धनुष्य हिसकावून घ्यावंसं वाटायचं. ज्याच्यासाठी हा सराव करायचा होता ते जनावर कुठल्या झुडपात पडलं कुणाला ठाऊक, आणि तुम्ही आता येताय? ताईकडून मला कळलं होतं की नीलेशनं पुन्हा बोलावलं तर तुम्ही नको म्हणालात. मग कशासाठी? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, आणि मग मलाही माझं सांगावं लागलं असतं.

हात चांगला होत होता तुमचा, हे मात्र सांगतो. शेवटी शेवटी पायऱ्यांवरून, त्या जाकिटात, पहिलाच बाण. चांगला म्हणजे खरंच चांगला. मी एकदाच जवळ येऊन म्हणालो, "दाजी, मस्त."

तुम्ही म्हणालात, "उशीर झाला रे." आणि पेटी बंद केलीत. मी ते घड्याळाबद्दल आहे असं समजायचं ठरवलं. "हो, ऊन वाढलं," असं म्हणालो. बघा. असा माणूस मी.

मग एक दिवस तुम्ही आला नाहीत, ताईचा फोन आला.

नीलेश पोचला. तिसऱ्या दिवसापासून त्याचा हात त्या काळ्या पेटीवर होता. मला वाटलं, बापाची वस्तू, हाताळू दे. दहाव्यानंतर तो मैदानावर यायला लागला. तिकडं त्या म्हाताऱ्याकडं थोडंफार शिकलाय, त्यामुळं वीस मीटरवर बरं मारतो. तुमच्यासारखंच खांदा वर उचलतो. मी काही बोललो नाही.

तेराव्याच्या जेवणानंतर पाहुणे गेले. ताई आतल्या खोलीत तुमच्या शर्टांच्या घड्या घालून द्यायच्या पिशवीत भरत होती. नीलेश दारात बसला आणि म्हणाला, "मामा, बाबांचं राहून गेलं ते मी करणार. ऑक्टोबरला हंगाम उघडतो. त्यांच्याच धनुष्यानं, त्याच झाडावरून. बाबांना हरीण दिसलं नाही. मला दिसेल."

ताईच्या चेहऱ्यावर तेरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं. "त्यांना बरं वाटेल रे," ती म्हणाली. "विलास, तू बघितलंस ना याला मारताना? यांना तूच तयार केलं होतंस. तू हो म्हणालास की मला काळजी नाही."

"होईल ना, मामा?" नीलेश म्हणाला. "अजून चार-पाच महिने आहेत."

"सराव किती करशील?"

"रोज."

"रोज?"

"म्हणजे... ऑफिस असतं. पण शनिवार-रविवार तर नक्की."

दाजी, तोच प्रश्न होता. तुमचा फोटो समोर, हार अजून ताजा, आणि त्या दोघांना माझ्याकडून फक्त एक शब्द हवा होता. तो दिला असता तर ताईला त्या दिवशी झोप लागली असती.

मी म्हणालो, "नाही. या वर्षी नाही."

"का?" नीलेशला खरंच कळलं नाही. "परवा तर तुम्ही बघितलंत. सगळे पिवळ्यात होते."

"पहिला नव्हता."

"पहिला कोण मोजतं, मामा?"

मग मी सांगितलं. सगळंच. फोन, पोट, वाकलेली पाठ, पाऊस. तुम्ही नको म्हणाला होता तरी सांगितलं. अधिक महिन्यातल्या पंगतीत तुम्ही तयार नाही हे मला माहीत होतं आणि मी हो म्हणालो, हेही. तुम्ही हरावं असं वाटत होतं, हेसुद्धा. माझ्या तोंडातून एवढं सलग बोलणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मी पण.

नीलेश म्हणाला, "म्हातारा मला काहीच बोलला नाही." आणि उठून गच्चीवर गेला.

ताईच्या मांडीवर तुमचा पांढरा शर्ट होता. ती म्हणाली, "तिकडून आल्यापासून मटण खाईनात. पित्त होतं म्हणायचे. मी त्यांना पित्ताच्या गोळ्या देत होते रे."

तिनं शर्टाची घडी मोडली, परत घातली. "नीलेशला नाही म्हणायला जड गेलं तुला?"

"गेलं."

"तो आता माझ्याशीही बोलायचा नाही, तुझ्याशीही नाही. तरी म्हणालास."

"भाचा आहे, ताई. त्याला डोळ्यांदेखत तिकडं—"

"मग हे कोण होते?" ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू, आई, सगळे. इतकी वर्षं यांना पाटावर बसवलंत, तूप वाढलंत. घरात कधी घेतलंतच नाही का रे?"

नीलेश अजून माझ्याशी बोलत नाही. काल सकाळी मैदानावर आला, पायऱ्यांवर चढला, एक बाण मारला, तो लक्ष्याच्या बाहेर गेला. माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गेला. आज आला नाही. उद्या येईल की नाही ठाऊक नाही. या ऑक्टोबरला मी नको म्हणालो म्हणून तो थांबेल याचीही खात्री नाही, तो तुमचाच आहे. पण जाईल तर माझं 'नाही' घेऊन जाईल. 'हो' घेऊन जाणार नाही.

अधिक महिन्यात त्या दिवशी पंगत उठली तेव्हा तुम्ही मागच्या अंगणात हात धुवायला गेलात. मी तांब्यानं तुमच्या हातावर पाणी घालत होतो. तिथं आपण दोघंच होतो, आईची नजर नव्हती, ताट नव्हतं. तिथं म्हणता आलं असतं. तुम्ही लाल झाला असता, वाण तसंच ठेवून गाडीला किक मारून निघून गेला असता. आईनं मला फाडून खाल्लं असतं. ताई महिनाभर माहेरी आली नसती. तुम्ही गंगापूरभर सांगितलं असतं, की मेव्हण्याच्या पोटात दुखतंय. आणि त्यातलं शेवटचं तर खरंच होतं. एवढं सगळं झालं असतं आणि चाललं असतं.

नाही बोललो. आणि जे गुपित ठेवायला सांगितलंत ते फोडलं. त्याचा राग आला असेल तर येऊ द्या, दाजी. इतकी वर्षं आम्ही तुम्हाला रागावू दिलं नाही, आणि तुम्ही मला रागावला नाहीत. हा एक राग तरी माझ्या हक्काचा आहे.